वजन कमी असणं जास्त वाईट की जास्त असणं?

कोष्टक (धागाकर्ता)

वजनाचा विषय निघाला की चर्चा थेट 'कमी कसं करायचं' यावरच येऊन थांबते. ज्यांचं वजन मुळातच कमी आहे त्यांना 'तुझं बरंय, काहीही खा' एवढं ऐकवून सगळे मोकळे होतात. म्हणून हा धागा. दोन्हींत जास्त वाईट काय?

माझं मत आधीच मांडतो. प्रमाणापासून सारख्याच किलोंनी ढळलेली दोन माणसं घेतली, तर कमी वजनाच्या माणसाला धोका जास्त असतो.

हिशेब १७० सेंमी उंचीचा करू. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, १.७ चा वर्ग २.८९. बीएमआय २२, म्हणजे प्रमाणातलं वजन, साधारण ६३.५ किलो. कमी वजनाची १८.५ ची रेघ ५३.५ किलोवर येते, म्हणजे फक्त १० किलो खाली. लठ्ठपणाची ३० ची रेघ ८६.७ किलोवर, म्हणजे २३ किलो वर.

आता २०१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेलं मोठं एकत्रित विश्लेषण पाहा. त्यात कधीच धूम्रपान न केलेले आणि सुरुवातीला जुनाट आजार नसलेले लोकच घेतले होते, शिवाय पहिल्या पाच वर्षांतले मृत्यू वगळले होते. मृत्यूचा धोका २० ते २५ या पट्ट्यात सर्वांत कमी. तो १ धरला तर १५ ते १८.५ मध्ये १.५१ आणि ३० ते ३५ मध्ये १.४५. खाली दहा किलो ओलांडले की जो धोका लागतो, तेवढ्यासाठी वर तेवीस किलो ओलांडावे लागतात. शरीराला वर जेवढी मोकळीक आहे तेवढी खाली नाही.

रानवारा

आकडे बरोबर, निष्कर्ष घाईचा.

कमी वजनामुळे माणूस आजारी पडतो की आजारामुळे वजन कमी होतं, हे गुंतलेलं असतं. फुफ्फुसाचे जुनाट विकार, कर्करोग, क्षयरोग, आतड्याचे आजार हे सगळे निदान होण्याच्या कितीतरी आधीपासून माणसाला वाळवतात. पहिली पाच वर्षं वगळली तरी हा परिणाम पूर्ण निघून जातोच असं नाही. २००९ साली नऊ लाख प्रौढांचा असाच एकत्रित अभ्यास आला होता. त्यात २२.५ च्या खालचे जादा मृत्यू मुख्यत्वे श्वसनाचे विकार आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचे होते, म्हणजे धूम्रपानाशी जोडलेले. वरच्या बाजूला मात्र चित्र स्वच्छ दिसतं: २५ च्या पुढे बीएमआय दर ५ ने वाढला की मृत्यूचा धोका साधारण ३० टक्क्यांनी वाढतो. ३० ते ३५ मध्ये आयुष्य दोन ते चार वर्षांनी घटतं आणि ४० ते ४५ मध्ये आठ ते दहा वर्षांनी.

तुम्ही ३०-३५ वर थांबलात. त्याच २०१६ च्या अभ्यासात पुढे ३५-४० ला १.९४ आणि ४० च्या वर २.७६ आहे. लोक तिथपर्यंत पोचतात आणि वर्षानुवर्षं तिथे राहतात. २०२२ साली जगात मुलं धरून शंभर कोटींहून जास्त माणसं लठ्ठ होती. एकूण नुकसान मोजायचं तर वरची बाजूच जड आहे.

निरंजना

@रानवारा, उलट्या कार्यकारणाचा मुद्दा मान्य. पण कमी वजनाचा स्वतःचा असा त्रास नसतोच असं मात्र नाही. शरीराला इंधन कमी पडलं की ते एकेक खातं बंद करत जातं. पहिला नंबर प्रजननाचा: पाळी अनियमित होते, मग थांबते, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक उतरतं. बायकांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटलं की हाडं झिजायला लागतात. हाडांचा साठा तिशीच्या आसपासपर्यंतच वाढतो, त्यामुळे विशीत पाळी दोन-तीन वर्षं बंद राहिली तर ती तूट नंतर पूर्ण भरून निघत नाही. खुब्याच्या हाडाचं पाहा: बीएमआय २५ असलेल्याच्या तुलनेत २० असलेल्याला ते मोडण्याचा धोका जवळपास दुप्पट असतो. आणि २० म्हणजे कमी वजनसुद्धा नव्हे.

मग नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, सतत थंडी वाजते, केस गळतात, जखमा भरायला वेळ लागतो. हृदय हाही स्नायूच, तोही आकसतो.

अमेरिकेत १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज या आहारसंशोधकांनी ३६ निरोगी तरुणांना स्वेच्छेने २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. वजन सरासरी एक चतुर्थांश उतरलं. त्यांना आधी कुठलाही आजार नव्हता, तरी नाडी मंदावली, पायांना सूज आली, उदासी आली, माणसं चिडचिडी झाली, रात्रंदिवस डोक्यात फक्त खाणं. इथे आजार आधी आणि वजन नंतर असं म्हणता येत नाही.

तराजू

गंमत म्हणजे बीएमआयला हे नाव १९७२ साली याच कीज यांनी दिलं. सूत्र त्याच्याही आधीचं, १८३२ च्या सुमाराचं, बेल्जियमचे गणिती केटले यांचं. त्यांना एकेका माणसाचं आरोग्य तपासायचं नव्हतं, लोकसमूहाची सरासरी शरीररचना मांडायची होती. एका माणसावर निवाडा देताना हे ध्यानात असू द्यावं.

दवबिंदू

पण जन्मजात बारीक अंगकाठीचं काय? आई-वडील, भावंडं सगळी सडपातळ, बीएमआय १७.५ किंवा १८, आणि बाकी सगळं ठीक. त्यांनाही धोका धरायचा?

निरंजना

@दवबिंदू, चांगला प्रश्न. उपजत बारीक असणं आणि वजन उतरलेलं असणं यांतला फरक चार गोष्टींवरून ओळखता येतो. वजन गेली काही वर्षं एक-दोन किलोंच्या आत स्थिर आहे का? पोटभर, सगळ्या प्रकारचं खाणं होतं का? स्त्री असेल तर गोळ्यांशिवाय पाळी नियमित येते का? जिने चढणं, सामान उचलणं दमल्याशिवाय होतं का? चारही उत्तरं 'हो' असतील तर काळजी फारशी नाही. फक्त अशांची हाडं पातळ असू शकतात, तेव्हा वजन उचलण्याचा व्यायाम, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम याकडे लक्ष हवं.

मात्र सहा ते बारा महिन्यांत प्रयत्न न करता वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलं, तर सुरुवातीचं वजन कितीही असो, तपासणी करायचीच. म्हणजे ८० किलोंचा माणूस काही न करता ७५ वर आला तरी. लोक अशा वेळी अभिनंदन करतात, आणि निदान लांबतं. पहिल्या फेरीत रक्ताची मोजणी, ईएसआर किंवा सीआरपी (शरीरातला दाह), टीएसएच (थायरॉइड), एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), यकृत आणि मूत्रपिंड, गव्हातल्या ग्लुटेनच्या विकारासाठी टीटीजी, एचआयव्ही आणि छातीचा एक्स-रे एवढं बघतात. सोबत दातांची अवस्था, गिळायला त्रास, मनाची स्थिती आणि चालू औषधंही. मेटफॉर्मिन (मधुमेहाचं), टोपिरामेट (फिट्स-अर्धशिशीचं), एडीएचडीची (लक्ष न लागण्याच्या विकाराची) उत्तेजक औषधं भूक मारतात.

मोजपट्टी

दोन्ही बाजूंनी फक्त बीएमआय धरून वाद चालू आहे. तो वजन सांगतो, ते वजन कशाचं आहे हे सांगत नाही.

डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि जॉन युडकिन या मधुमेहतज्ज्ञांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. डेक्सा या क्ष-किरण तपासणीत एकाच्या अंगात चरबी ९.१ टक्के, दुसऱ्याच्या २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकाच रांगेत बसवतो. हातपाय काडीसारखे आणि पोट सुटलेलं, अशा माणसाला बारीक म्हणायचं की जाड? त्याच्याकडे दोन्ही बाजूंचे तोटे असतात: स्नायू कमी, म्हणून साखर साठवायला जागा कमी, आणि यकृताभोवती चरबी, म्हणून इन्सुलिनला दाद नाही. आशियाई लोकांत मधुमेह कमी बीएमआयला दिसतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्येच त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ या सावधगिरीच्या रेघा सुचवल्या.

घरच्या घरी खरी माहिती देतो तो कंबरेचा घेर. पण पुष्कळ लोक तो पँटच्या पट्ट्यापाशी मोजतात आणि चुकतात. पद्धत अशी: कपडा बाजूला करा. कुशीत बोटांनी सगळ्यात खालची बरगडी शोधा, मग कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा शोधा. दोन्हींच्या बरोबर मधे पेनाने खूण करा. टेप जमिनीला समांतर, मागे पाठीवर घसरलेला नाही ना ते आरशात पाहा. टेप अंगाला टेकलेला हवा, रुतलेला नको. नेहमीसारखा श्वास सोडा आणि सोडल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही. दोनदा मोजा, एक सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

हा आकडा उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. १७० सेंमी उंचीला ८५ च्या आत. उंचीच्या ०.५ ते ०.५९ पटीत जोखीम वाढलेली, ०.६ आणि पुढे जास्तच. जाता जाता: बीएमआय ३५ च्या वर गेल्यावर या मोजणीने नवं फार काही कळत नाही, तिथे जोखीम तशीही ठरलेली असते.

अष्टपैलू

मोजपट्टी यांना +१. वर उभं राहायच्या त्या 'बॉडी फॅट' दाखवणाऱ्या मशीनचं काय? ते धरावं का?

तराजू

@अष्टपैलू, ते यंत्र पायातून बारीक विद्युतप्रवाह सोडतं आणि रोधावरून शरीरातलं पाणी मोजतं. चरबीचा आकडा त्यावरून सूत्राने काढलेला असतो. पाणी कमी प्यालं, नुकता व्यायाम झाला, पाळीच्या आधी अंगात पाणी धरलं, की आकडा दोन-चार टक्के इकडेतिकडे. तेच यंत्र, तीच वेळ ठेवून महिनोन्‌महिन्यांचा कल बघायला ठीक. एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरवू नये.

साध्या काट्याचंही तेच. काटा कडक फरशीवर हवा, सतरंजीवर ठेवला तर चुकतो. सकाळी उठून, शौचाला जाऊन, काही खाण्याआधी, त्याच हलक्या कपड्यांत. रोजचा चढउतार एक-दोन किलोंचा असतोच. आठवड्याची सरासरी काढून सरासरीची सरासरीशी तुलना करा. काटा बरोबर आहे का पाहायचं असेल तर वर उभे राहा, आकडा बघा, मग लिटरची भरलेली बाटली हातात घेऊन परत बघा: बाटलीच्या वजनासकट एक किलोहून थोडा जास्त फरक यायला हवा.

आहार सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात जे दोन किलो 'उतरतात' ते बहुतेक पाणी असतं. स्नायू-यकृतातला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा संपतो, आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी सोबत जातं.

रानवारा

मूळ मुद्द्यावर येतो. जास्त वजनाचा एक कावा आहे: ते दुखत नाही. बीएमआय १६ असलेला माणूस बघताक्षणी आजारी वाटतो, लोक त्याला डॉक्टरकडे ओढून नेतात. ३२ चा माणूस कामावर जातो, हसतो, खेळतो, आणि आत यकृतात चरबी साठत असते, रक्तदाब चढत असतो, झोपेत श्वास अडत असतो. मधुमेह, पित्ताशयातले खडे, युरिक अ‍ॅसिड, गुडघ्यांची झीज असं करत करत सगळं रांगेने येतं. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये १३ प्रकारच्या कर्करोगांचा जादा चरबीशी संबंध मान्य केला.

तरी आशेची बाजू सांगतो. इथे थोडं केलं तरी भरपूर मिळतं. गुडघेदुखी असलेल्या जाड व्यक्तींत एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवरच्या २००२ च्या अमेरिकी चाचणीत ७ टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढंच लक्ष्य होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ब्रिटनच्या डायरेक्ट चाचणीत ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांतल्या ८६ टक्के लोकांचा टाइप २ मधुमेह वर्षाअखेरीस औषधांशिवाय मागे हटलेला होता. देखरेखीखाली, काही महिने रोज साधारण ८५० कॅलरींवर. घरी एकट्याने करायचा हा प्रयोग नाही: आठवड्याला दीड किलोहून वेगाने वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात, आणि मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या आधी कमी केल्या नाहीत तर साखर किंवा दाब धोकादायक खाली जातो.

हाडवैद्य

सगळी चर्चा चाळिशीच्या माणसाला धरून चालली आहे. पासष्टीनंतर हा आलेख सरकतो. वृद्धांवरच्या एकत्रित अभ्यासांत २३ च्या खाली गेल्यापासूनच धोका वाढताना दिसतो, आणि २५ ते ३० मध्ये तो वाढलेला दिसत नाही. कारण सोपं: मोठ्या आजारात, ऑपरेशनात, मोडलेल्या खुब्यानंतर अंथरुणावर पडल्यावर शरीर साठ्यावर जगतं. ज्याच्याकडे साठाच नाही तो स्नायू जाळतो.

म्हणून सत्तरीच्या माणसाला 'पाच किलो कमी करा' हा सल्ला देताना हात आखडता घ्यावा. उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात, आणि त्या वयात गेलेला स्नायू परत आणणं महाकठीण.

काट्यापेक्षा या तपासण्या करा. खुर्चीची: हात छातीवर बांधून पाच वेळा उठून बसायचं. १५ सेकंदांहून जास्त वेळ लागला तर पायांत ताकद कमी. मुठीची, यंत्रावर: पुरुषांत २७ किलोंच्या खाली, स्त्रियांत १६ च्या खाली म्हणजे दुर्बलता. पोटरीचा सर्वांत जाड भागाचा घेर ३१ सेंमीहून कमी असेल तर स्नायू घटल्याची शंका घ्यावी. चालण्याचा वेग सेकंदाला ०.८ मीटर किंवा कमी, हेही तसंच लक्षण. वजन जास्त आणि या तपासण्यांत नापास, असेही लोक असतात, आणि त्यांची अवस्था सगळ्यात बिकट: ओझं मोठं, उचलायला ताकद नाही.

कोष्टक (धागाकर्ता)

@हाडवैद्य, ही बाजू धाग्यात यायलाच हवी होती. धन्यवाद. आता कोणीतरी वजन वाढवायचं कसं यावर लिहा. कमी करण्यावर हवा तेवढा मजकूर मिळतो. वाढवण्यावर 'भरपूर खा' याच्या पुढे कोणी जात नाही.

पायवाट

लिहितो. आधी गृहीत: तपासण्या झाल्या, आजार नाही, बीएमआय १६ च्या वर आहे.

लक्ष्य आठवड्याला पाव ते अर्धा किलो. त्यासाठी सध्याच्या खाण्यावर रोज ३०० ते ५०० कॅलरी जादा. हे जेवणाचं आकारमान न वाढवता करायचं, कारण बारीक माणसाचं पोट लवकर भरतं. तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, पिठूळ किंवा प्रथिनयुक्त अन्नात ४. एक मोठा चमचा तेल जेवणावर घातलं की १२० कॅलरी, मूठभर दाणे-बिया (३० ग्रॅम) १७५ च्या आसपास, सायीसकट दुधाचा पेला (२५० मिली) १५०, एक अंडं ७०. झाले पाचशे, आणि ताटात काही वाढल्यासारखं दिसलंही नाही.

आता बिनसतं कुठे ते. जेवणाआधी आणि जेवताना भरपूर पाणी पितात. ते जेवणानंतर अर्ध्या तासाने प्यावं. जेवणाच्या तोंडावर चहा-कॉफी भूक मारते. कोशिंबीर-फळांनी सुरुवात केली की मुख्य जेवणाला जागा उरत नाही, ती शेवटी. दोन मोठ्या जेवणांऐवजी तीन मध्यम आणि मधे दोन-तीन छोटी खाणी. भुकेची वाट पाहायची नाही, घड्याळावर खायचं.

'खाल्लेलं अंगी लागत नाही' ही तक्रार खोटी नसते. १९९९ सालच्या एका प्रयोगात १६ जणांना आठ आठवडे रोज हजार कॅलरी जादा दिल्या. कोणाच्या अंगावर जेमतेम ०.३६ किलो चरबी चढली, कोणाच्या ४.२३. फरक नकळत होणाऱ्या हालचालींचा: चुळबुळ, उभं राहणं, येरझाऱ्या. अशा माणसांनी ५०० वर अडून न बसता दोन आठवड्यांची सरासरी बघून आणखी २०० वाढवावेत.

व्यायाम सोडला तर चढेल ते बहुतेक पोटावर. आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनाचा व्यायाम: एक बैठकीचा प्रकार, एक ढकलण्याचा, एक ओढण्याचा, एक कमरेतून वाकून उचलण्याचा. प्रत्येकी ८ ते १२ आवर्तनांचे दोन-तीन संच, शेवटची दोन आवर्तनं जड जायला हवीत. बाराही सहज व्हायला लागली की वजन थोडं वाढवा. प्रथिनं दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम, दिवसभरात विभागून. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारून.

दवबिंदू

पायवाट, फार उपयोगी. वजन वाढवायच्या पावडरी आणि गोळ्या मिळतात, त्यांनी वेळ वाचतो का?

निरंजना

पावडर म्हणजे बहुतेक वेळा साखर आणि दुधाची भुकटी. अपाय नाही, पण वर लिहिलेलं दूध आणि दाणे तेच काम करतात.

गोळ्यांपासून मात्र चार हात दूर. भूक वाढवणाऱ्या गोळ्या-सिरपांत अनेकदा सायप्रोहेप्टाडीन असतं. हे अ‍ॅलर्जीचं औषध. भूक लागते, पण दिवसभर गुंगी येते आणि थांबवलं की भूक परत उतरते. त्याहून वाईट म्हणजे लेबलवर न लिहिता मिसळलेलं स्टेरॉइड. महिन्याभरात गाल भरतात, लोक खूश होतात. ती चरबी आणि पाणी असतं. हातापायांचे स्नायू उलट झिजतात, हाडं ठिसूळ होतात, साखर चढते. आणि शंका आली म्हणून एकदम बंद करायचीही सोय नसते, कारण शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी तोवर झोपलेल्या असतात. अचानक थांबवल्यास रक्तदाब कोसळू शकतो. अशी गोळी कोणी महिनोन्‌महिने घेतली असेल तर डॉक्टरांकडूनच टप्प्याटप्प्याने उतरवावी.

पायवाट यांनी '१६ च्या वर' ही अट घातली ती फार महत्त्वाची आहे. फार खंगलेल्या माणसाला एकदम पोटभर खाऊ घालणं जिवावर बेतू शकतं. उपाशी शरीर चरबीवर चाललेलं असतं. पिठूळ अन्न आलं की इन्सुलिन उसळतं, आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं. रक्तातली पातळी कोसळते, हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात. बीएमआय १६ च्या खाली, तीन ते सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त वजन गेलेलं, दहा दिवसांहून जास्त जवळजवळ काहीच न खाल्लेलं, किंवा रक्तातले हे तीन क्षार आधीच कमी, यांपैकी एकही असेल तर रुग्णालयातच. तिथे खाण्याआधी थायामिन (बी१ जीवनसत्त्व) देतात, दिवसाला किलोमागे जास्तीत जास्त १० कॅलरींनी सुरुवात करतात, चार ते सात दिवसांत हळूहळू वाढवतात आणि रक्त वरचेवर तपासतात. प्रेमापोटी ताट भरून पुढे ठेवणाऱ्यांना हे माहीत असणं गरजेचं आहे.

सांजसावली

मनाबद्दल एवढा वेळ कोणी बोललं नाही. अ‍ॅनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडणं) हा मानसिक आजारांतल्या सर्वाधिक जीवघेण्या आजारांपैकी एक आहे. तो फक्त हडकुळ्या माणसालाच होतो हा समज घातक आहे. ९० किलोंचा मुलगा चार महिन्यांत ६५ वर आला तर काटा म्हणतो 'प्रमाणात', आणि त्याची नाडी मात्र ४५ असते, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. त्याला हवा तो उपचार, पण मिळते शाबासकी. जेवणाची टाळाटाळ, जेवणानंतर लगेच बाथरूम, दिवसातून अनेकदा वजन करणं, उन्हाळ्यातही अंगभर कपडे: घरच्यांनी हे पाहावं.

वरच्या बाजूलाही असंच. अनावर खाण्याचे झटके हा आजार आहे, आळशीपणा नव्हे. त्या माणसाला टोमणे मारले की तो एकांतात आणखी खातो. 'किती वाळलीस' आणि 'किती सुटलास' ही दोन्ही वाक्यं बंद करावीत ही कळकळीची विनंती.

अष्टपैलू

गरोदरपणाचा उल्लेख राहिला. २००९ च्या अमेरिकी शिफारशी अजूनही वापरात आहेत, एका बाळासाठी: आधी बीएमआय १८.५ च्या खाली असेल तर नऊ महिन्यांत १२.५ ते १८ किलो वाढावं, १८.५ ते २५ ला ११.५ ते १६, २५ ते ३० ला ७ ते ११.५, ३० च्या पुढे ५ ते ९. खालच्या बाजूला बाळ वेळेआधी आणि कमी वजनाचं होण्याची भीती, वरच्या बाजूला गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाब.

मोजपट्टी

@अष्टपैलू, हाच धागा पकडून. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला, तेव्हा पोटात असलेल्या मुलांचा पुढे पन्नास-साठ वर्षं अभ्यास झाला. मोठेपणी त्यांच्यात साखर पेलण्याची क्षमता कमी आढळली. आईच्या पोटातली उपासमार मुलाच्या मधुमेहाला वाट करून देते. कमी वजन आणि जास्त वजन हे एकमेकांचे विरुद्ध पक्ष नाहीत, एकाच घरात, कधी एकाच आयुष्यात दोन्ही येतात.

लहान मुलांना बीएमआयच्या या रेघा लावू नयेत. सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत दंडाचा घेर: खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधे, हात सैल सोडलेला. १२.५ सेंमीहून कमी म्हणजे कुपोषण, ११.५ हून कमी म्हणजे तीव्र कुपोषण, तातडीने उपचार.

रानवारा

एवढं वाचून माझी भूमिका थोडी बदलतो. मी एकूण नुकसान मोजत होतो, कोष्टक एका माणसाचा धोका मोजत होते. दोन प्रश्न वेगळे होते. समोर एकच माणूस असेल तर मी या क्रमाने घाई करीन: सगळ्यात आधी विनाकारण झपाट्याने उतरणारं वजन, मूळ वजन काहीही असो. मग १६ च्या खालचा बीएमआय. मग ३५ च्या वरचा, किंवा त्याहून कमी पण सोबत मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडणं. मग ३० च्या पुढचे आणि पोट सुटलेले बारीक, हे दोघं एकाच पातळीवर. २५ ते २७.५ आणि कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत, किंवा १८ वर वर्षानुवर्षं स्थिर, या दोघांना वर्षातून एक तपासणी पुरे.

कोष्टक (धागाकर्ता)

हा क्रम मला मान्य. एकच भर: बीएमआय १६ ते १८.५ असलेल्या स्त्रीची पाळी बंद असेल तर तिलाही दुसऱ्या जागेवर धरा. हाडांचं नुकसान थांबून राहत नाही.

निरंजना

@कोष्टक, सहमत. पाळी सलग तीन महिने आली नाही की वाट न पाहता दाखवावं, आणि आधी गरोदरपणाची चाचणी करून घ्यावी. गर्भनिरोधक गोळ्यांनी येणारा रक्तस्राव ही खरी पाळी नव्हे. गोळ्या चालू असताना 'नियमित आहे' असं धरू नये.

दवबिंदू

रानवारा, तुमच्या क्रमातल्या शेवटच्या गटासाठी त्या वार्षिक तपासणीत नक्की काय काय?

रानवारा

बारीक आणि स्थिर असेल तर वजन, रक्ताची मोजणी, बी१२, ड जीवनसत्त्व, एचबीए१सी. एचबीए१सी गाळू नका. मधुमेह बारीक माणसालाही होतो. जाडीकडे झुकलेला असेल तर कंबर, रक्तदाब, एचबीए१सी, रक्तातल्या चरबीच्या तपासण्या आणि यकृताचं एएलटी. रक्तदाब घेताना दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, छोट्या पट्ट्याने आकडा खोटा जास्त येतो. फार बारीक दंडाला उलटं: नेहमीचा पट्टा खरा दाब कमी दाखवतो.